तुंबलेली मोरी आणि शाळेचे कर्तव्य



केंद्रसभेत मोरीविषयी बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. परंतु मोरी तुंबली म्हणजे सांडपाणी अंगणात व तेथून रस्त्यावर येते. अशा घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात आणि हत्तीरोगाचा प्रसार तेच करतात. तेव्हा हा विषय आपल्या विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा आहे.

मोरी एका दिवसात तुंबत नाही. भांड्यांचे तूप-तेल ऊन पाण्याबरोबर वाहून जाते व नळीत थंड होताच थिजते. विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका बनतो. त्यास केस, भाताची शिते व भांडी घासण्याची राख चिकटते आणि वाट अरुंद होत जाते. हे वर्गात सहज दाखविता येईल. ऊन पाण्यात चमचाभर वनस्पती तूप घालून ते निवू द्यावे. वर जमणारा थर मुले स्वतःच पाहतील.

म्हणून पहिला उपाय प्रतिबंधाचा. तेलकट भांडे आधी कागदाने पुसावे, खरकटे वेगळे काढावे, मोरीच्या तोंडाशी जाळी बसवून ती रोज झाडावी. नळीस साधारणतः ४० स एक असा उतार असावा. म्हणजे ४ मीटर लांबीस १० सेंटिमीटर. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण कोणते?

मोरी तुंबलीच तर प्रथम जाळी काढून वाकविलेल्या तारेने केस व गाळ ओढून काढावा. मग मोरीत थोडे पाणी ठेवून रबरी दट्ट्या तोंडावर घट्ट बसवावा व तो सरळ वरखाली करावा. प्लॅस्टिकच्या नळीत उकळते पाणी ओतू नये. ती मऊ पडून वाकते. दाहक सोड्याने त्वचा व डोळे भाजतात. ब्लीचिंग पावडर व आम्ल तर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

गटार नसेल तेथे शोषखड्डा करावा. लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी १ मीटर, आत दगडगोटे, वर तळास छिद्रे पाडलेले व काथ्या भरलेले मडके. काथ्या वरचेवर बदलावा, नाहीतर खड्डाही तुंबतो. खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा.

आता मुख्य गोष्ट. शाळेची मोरी कोणी झाडावयाची? ते काम ठराविक वस्तीतील मुलांकडे किंवा केवळ मुलींकडे जात असेल, तर आपण पाठ्यपुस्तकातून शिकविलेली समता त्याच मोरीत वाहून जाते. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली कारागृहात सफाईचे काम स्वतःस मिळावे असा आग्रह धरला आणि त्यास पाठिंबा म्हणून गांधीजींनी येरवड्यास उपवास केला. जाळी झाडण्याची पाळी सर्वांची असावी व तीत पहिले नाव गुरुजींचे असावे. मात्र तुंबलेल्या नळीत हात घालण्याचे काम कोणत्याही बालकास सांगू नये. मलकुंडात तर कोणासही उतरवू नये; तेथील वायूने माणूस क्षणात दगावतो आणि अशा धोकादायक सफाईस माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पुढील सभेस येताना आपल्या शाळेची पाळीची यादी सोबत आणावी, एवढीच विनंती.