समाजाचा कौल आणि मनाचे आरोग्य
(मंडळाच्या परभणी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वधूवर-सूचन या विषयांवर आपल्या मेळाव्यात दरवर्षी चर्चा होते. मनाच्या आरोग्याविषयी बोलण्याची आज्ञा मात्र कार्यकारी मंडळाने यंदा प्रथमच केली, याबद्दल मी ऋणी आहे. 'वेडा' हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. मनाचा विकार कशास म्हणावे आणि कशास म्हणू नये, हे मानसशास्त्र कसे ठरविते, एवढाच आजचा विषय.

प्रथम एका घराची हकीकत सांगतो. पाथरी तालुक्यातील हे घर माझ्याच नात्यातले. थोरल्या मुलीने पदवीनंतर परभणीच्या कृषी विद्यापीठात पुढे शिकण्याचा हट्ट धरला आणि ठरत आलेले स्थळ नाकारले. भावकीने निवाडा दिला, "पोरीचं डोकं फिरलं!" धाकटा भाऊ मात्र अबोल, कोणास उलट न बोलणारा. लागोपाठ दोन वर्षे सोयाबीन हातचे गेले, तेव्हा तो अधिकच अबोल झाला. पहाटे तीनलाच जागा होई, ताटावरून उठे, शेताकडे फिरकेना. "पोरगा मोठा गुणी," असे आम्ही म्हणत राहिलो. एका पहाटे शेजाऱ्याने सावधपणा दाखविला, म्हणून तो आज आपल्यांत आहे. ज्याला उपचार हवे होते त्यास आम्ही शहाणा म्हटले आणि जी ठणठणीत होती तिला वेडी ठरविले. त्या आम्हांत मीही होतो.

आमची चूक कसोटीची होती. अपसामान्य वर्तन ओळखण्यासाठी मानसशास्त्रज्ञ मुख्यतः चार कसोट्या विचारात घेतात. पहिली संख्येची: बहुसंख्य लोक वागतात त्याहून वेगळे ते अपसामान्य. परंतु कुशाग्र बुद्धीही विरळाच असते आणि तंबाखू खाणारे गावोगाव असले म्हणून तंबाखू आरोग्यकारक ठरत नाही.

दुसरी कसोटी रूढीची. हीच आपणांस सर्वांत जवळची आणि हीच सर्वांत फसवी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ साली त्याच कर्व्यांना राष्ट्राने भारतरत्न दिले. खुद्द तज्ज्ञही या मोहातून सुटले नाहीत. समलिंगी आकर्षण हा विकार नव्हे, हे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मान्य केले ते १९७३ साली. तद्वतच, जत्रेत एखाद्या बाईच्या अंगात आले आणि ओसरल्यावर ती नेटाने आपल्या कामास लागली, तर तेवढ्यावरून शास्त्र तिला रोगी म्हणत नाही.

तिसरी कसोटी यातनेची. माणूस आतून पोळतो आहे काय? मात्र उन्मादाच्या भरात माणसास अतीव आनंदही वाटतो. तेव्हा हीदेखील एकटी पुरत नाही. म्हणून चौथी कसोटी, जीवनक्रमातील बिघाडाची. झोप, भूक, कामधंदा, माणसांशी असलेले संबंध, यांची घडी विस्कटली आहे काय? स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवास धोका आहे काय? हे सारे किती दिवस चालले आहे? दुःख सर्वांस होते. परंतु उदासीनता दिवसाचा बहुतेक काळ आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक हरपली, तर ते नैराश्य असण्याचा संभव असतो आणि डॉक्टरांस दाखविणे अगत्याचे ठरते.

मग निरोगी मन कोणते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितलेल्या व्याख्येचा आशय असा, की ज्या स्थितीत मनुष्य आयुष्यातील ताण पेलू शकतो, आपल्या क्षमता ओळखतो, नीट शिकतो व काम करतो आणि समाजास हातभार लावतो, ते मानसिक आरोग्य. थोडक्यात, केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे. या व्याख्येत 'वडिलांच्या आज्ञेत राहतो' असे कलम कोठेही नाही!

आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. एखादी व्यक्ती आपल्या समाजाच्या प्रचलित नैतिक, सामाजिक वा धार्मिक कल्पनांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरविता येत नाही. तसेच पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यानेच आज कोणी मनोरुग्ण ठरत नाही.

हे दुसरे कलम आपल्या वधूवर-सूचन समितीने अवश्य ध्यानी घ्यावे. तो धाकटा भाऊ उपचारांनी सावरला, पुन्हा शेती पाहू लागला. परंतु गतवर्षी त्याचे जमत आलेले लग्न एका कुजबुजीने मोडले. त्याने तर आजार लपविलाही नव्हता. खरे सांगणाऱ्यास आपण अशी शिक्षा देऊ लागलो, तर उद्या प्रत्येक घर लपवील. आणि लपविलेल्या आजारास औषध मिळत नाही.

मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. कर्ज आणि अवर्षण यांवर एकट्या डॉक्टरांपाशी उपाय नाही, हे खरे. परंतु खचलेल्या मनास आधार देता येतो. याच हेतूने शासनाने २०१५ च्या सुमारास मराठवाड्यात व विदर्भात 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला आणि आशा कार्यकर्त्यांना घरोघरची उदास माणसे हेरण्याचे काम दिले. २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, ही विनंती.

ती मुलगी पुढे शिकली; आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे. तिची क्षमा मी या व्यासपीठावरून मागतो. यापुढे कोणी रूढी मोडली तर त्याच्याशी खुशाल वाद घालू या, पण त्यास वेडा म्हणू नये, आणि घरातले कोणी फार गप्प झाले, तर त्याच्या गुणीपणाचे कौतुक करण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून विचारावे, "बाळा, रात्री झोप लागते ना?"