मामाकडच्या करंज्या

आदरणीय गुरुजन आणि १९९६ च्या बॅचमधल्या मित्रमैत्रिणींनो,

आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी 'अध्यक्ष महाशय' म्हणून जी थांबले, ती थांबलेच. ते तुम्ही विसरला नसालच! आज आधी एक कबुली देते. डिसेंबरच्या शेवटी माझ्या डब्यात करंज्या असायच्या. 'दिवाळी होऊन गेली, आता कसल्या करंज्या?' असं तुम्ही विचारायचात आणि मी 'मामाकडून आल्यात' म्हणायचे. त्या नाताळच्या होत्या. आमचं आडनाव तुमच्यासारखंच. त्यामुळे आम्ही ख्रिस्ती आहोत हे कोणाला कळायचं नाही आणि मीही सांगायचे नाही. तुम्ही काही बोलला असतात असं नाही. भीती माझीच होती. इंजिनीअर झाले, पुण्यात वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, तरी रविवारी चर्चला जाते असं न म्हणता 'बाहेर जायचंय' एवढंच म्हणायचे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं बेपत्ता असतानाच २३ जुलैला शोध थांबवावा लागला. ज्या इर्शाळगडावर आपण हसत-खिदळत चढलो होतो, त्याच्याच पोटातली ही वाडी.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आम्ही आठ जण कर्जत तालुक्यातल्या एका ठाकरवाडीत पाच दिवस सेवेला गेलो. ताडपत्र्या, औषधं, मुलांचा अभ्यास, अशी कामं होती. पहिल्याच दिवशी एका तरुणाने विचारलं, 'ताई, धर्म बदलायला आलात का?' सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण या भागातली मी एकटीच. एरवी विषय बदलला असता. त्या दिवशी म्हटलं, 'आम्ही ख्रिस्ती आहोत. येशूवर विश्वास आहे म्हणून आलोय. पण ताडपत्री देताना कोणाला देव विचारणार नाही.' अनोळखी माणसासमोर हे मी पहिल्यांदाच बोलले. तो म्हणाला, 'मग वरच्या घरापासून सुरुवात करा.'

तिसऱ्या रात्री पाऊस थांबेना. शाळेच्या खोलीत बाया पोरांना घेऊन जाग्या होत्या. एका आजीने विचारलं, 'तुजा देव डोंगर धरून ठेवील का गं?' 'हो' म्हणणं सोपं होतं. पण देवाला हाक तर इर्शाळवाडीतही मारली असेल. मी म्हटलं, 'आजी, ते मला नाही सांगता येत. मलाही भीती वाटतेय. पण मी तुमच्याजवळ बसते.' मग मी मोठ्याने प्रार्थना केली. आजीने तिच्या देवाला हात जोडले. उजाडेपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

लहानपणी आई पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायची. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना घर दिलं. मला वाटायचं, अशी माणसं जन्मतःच धीट असतात. पण रमाबाईंनी आपले आई-वडील आणि बहीण दुष्काळातच गमावले होते. त्यांना भूक माहीत होती, म्हणून त्या गेल्या. भीती संपल्यावर धीर येतो असं नाही, हे मला त्या रात्री कळलं. माझा विश्वास तोवर फाइलमध्ये जपून ठेवलेल्या सर्टिफिकेटसारखा होता. त्या रात्री तो पहिल्यांदा कामाला आला.

सकाळी त्या तरुणाबरोबर वर चढले. जमिनीला भेग गेली होती. आम्ही अर्ज लिहिला, वाडीतल्या बायांच्या सह्या-अंगठे घेतले आणि कचेरीत गेलो. तिथे वीस मिनिटं मी बोलले, 'अध्यक्ष महाशय'वर न थांबता! पाहणी झाली, आणि भेगेजवळची तीन कुटुंबं पावसाळाभर खाली राहायला आली. डोंगर आहे तिथेच आहे. यंदाही आम्ही जाणार आहोत.

मागच्या टेबलावर दोन डबे ठेवलेत. करंज्या आहेत. या वेळी मामाकडच्या नाहीत, नाताळच्या आहेत.