कंटाळ्याचा नमुना

(लोणार येथे बचत गटातील बायांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



लांबलांबून माणसं इथलं सरोवर बघायला येतात. तुम्ही म्हणता, त्यात काय बघायचं, रोजचंच आहे. पण जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा मोठी चर्चा झाली. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासले गेले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आला होता. सरोवराला कोणी नावं ठेवली नाहीत. बाईला कंटाळा आला की मात्र नमुना कोणी घेत नाही. ‘आळशी’ म्हटलं की झालं.

तो नमुना आपणच घ्यायचा. कंटाळा आला की लगेच झटकू नका, स्वतःला रागावूही नका. हात चालू राहू देत. दोन मिनिटं नुसतं बघा: श्वास कसा चाललाय, दात आवळलेत का, खांदे कुठे आहेत, मनात काय बडबड चाललीय. हे काही नवं नाही. सतिपट्ठान सुत्तात सुस्तीलाही असंच बघायला सांगितलंय: आहे तेव्हा ‘आहे’ म्हणायचं, कशानं आली ते ओळखायचं.

मी स्वतः हे भांडी घासताना केलं. मला वाटायचं, मला भांड्यांचा कंटाळा आहे. आठवडाभर बघितल्यावर कळलं, राख नि पाणी हातात असताना तसं काही वाटत नाही. बाहेरच्या खोलीतून टीव्हीचा नि हसण्याचा आवाज आला की छातीत जड होतं. तो कंटाळा नव्हता, एकटं पडणं होतं. आणि थोडा रागही, खरं सांगायचं तर. मग घरात बोलले. आता रात्रीची भांडी मुलगा घासतो. कुरकुरत, पण घासतो.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं. पुरुषांचा ९७ मिनिटं. तेही जे करतात त्यांचा, आणि करणारे थोडेच. म्हणून ‘ध्यान करा, सगळं गोड वाटेल’ हे मला पटत नाही. गोड वाटून घ्यायला आपण बघत नाही आहोत.

लिहिता येत नसेल तर चिंचोके घ्या. कंटाळा आला की एक वाटीत टाका. एकटीनं काम करताना आला तर एका वाटीत, सोबत कोणी असताना आला तर दुसऱ्या. पुढच्या बैठकीला दोन्ही वाट्या घेऊन या, इथं मध्ये ठेवू आणि मोजू.