जुनी मापे आणि नवी मापे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या संमेलनात शिक्षण, विवाह आणि वसतिगृह या विषयांवर अनेक विद्वानांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. आज मी जो विषय घेऊन उभा आहे, तो ऐकून आपल्यापैकी कित्येकांना आश्चर्य वाटेल. कारखान्यांतील यंत्रनियंत्रणाची जुनी झालेली ॲनालॉग इनपुट कार्डे कशी आणि का बदलावीत, हा तो विषय होय. मी इंजिनिअर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक प्राथमिक शिक्षक आहे. परंतु माझ्या हाताखालून गेलेले कित्येक विद्यार्थी आज वसई-वालीव-गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत याच कामावर आहेत. त्यांच्याकडून जे समजून घेतले आणि स्वतः वाचून पडताळले, तेच मी आपणांपुढे मांडणार आहे. हा विषय केवळ कारखानदारांचा नाही. ज्या घरांतून रोज सकाळी डबा घेऊन मुलगा बोईसरची गाडी पकडतो, त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. आपल्या आजोबांच्या काळी धान्य पायली-अधोलीने मोजीत. पायलीला पोचा पडला तर मोजणाऱ्याला ते कळत नसे, कारण मोजायला तीच पायली हातात असे. कारखान्यातील टाकीचे तापमान, वाफेचा दाब, द्रवाची पातळी ही सर्व मापे जागेवरील उपकरण घेते आणि तारेवरून विजेच्या सूक्ष्म प्रवाहाच्या रूपाने नियंत्रणकक्षाकडे पाठविते. या प्रवाहाची सर्वमान्य मर्यादा ४ ते २० मिलिअँपिअर अशी आहे. समजा, एका भट्टीचे माप ० ते २०० अंश आहे. तर ४ म्हणजे ० अंश, २० म्हणजे २०० अंश आणि बरोबर मधला १२ म्हणजे १०० अंश. आरंभ शून्यापासून न करता ४ पासून का केला, यातच मोठे शहाणपण आहे. तार तुटली तर प्रवाह शून्य होतो. आरंभच शून्यापासून असता, तर तुटलेली तार आणि थंड भट्टी यांत भेद करता आला नसता. चारच्या पुष्कळ खाली प्रवाह गेला की यंत्राला समजते, ही थंडी नव्हे, हा बिघाड आहे.

हा प्रवाह पॅनेलमधील कार्डात येतो. तेथे सामान्यतः २५० ओहमच्या एका रोधातून तो नेला जातो, म्हणजे ४ चा १ व्होल्ट आणि २० चे ५ व्होल्ट होतात. त्या व्होल्टांचे कार्ड आकड्यात रूपांतर करते आणि तो आकडा नियंत्रण करणाऱ्या संगणकाला देते. संगणक कितीही हुशार असला, तरी त्याचे डोळे म्हणजे हे कार्ड. डोळ्यांना मोतीबिंदू झाला, तर बुद्धी काय करणार?

आता कार्ड जुने होते म्हणजे काय होते? रोधाचे मूल्य काळाने किंचित सरकते. समजा, २५० चे २४५ झाले. मग १०० अंशांच्या भट्टीचे तापमान कार्ड ९७ दाखवील. धोक्याची घंटा १२० अंशांवर लावलेली असेल, तर ती प्रत्यक्षात सुमारे १२३ अंशांवर वाजेल. तीन अंश म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या रासायनिक क्रियेत उष्णता आपणच वाढत जाते, तेथे तीन अंशांचा विलंब हा मिनिटांचा विलंब असतो, आणि मिनिटांवरच माणसांचे प्राण अवलंबून असतात. दुसरे असे की कार्डातील विद्युत्‌संचायक, ज्याला आपली मुले कपॅसिटर म्हणतात, तो आतून हळूहळू वाळतो. भोवतालचे तापमान १० अंशांनी वाढले, तर त्याचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा ठोकताळा आहे. त्यात आपला प्रदेश समुद्रकाठचा. खारी दमट हवा आणि रासायनिक वसाहतीतील वाफा यांनी कार्डाचे तांब्याचे आणि चांदीचे संपर्कबिंदू काळे पडतात. मिठागरावरच्या लोखंडी फावड्याची जी गत होते, तीच या नाजूक जोडांची होते. फरक इतकाच की फावड्याचा गंज डोळ्यांना दिसतो.

यापुढची अडचण बाजाराची आहे. अमेरिकेत १९६९ साली मोडिकॉन ०८४ हे पहिल्या पिढीचे प्रोग्रॅम करता येणारे नियंत्रकयंत्र मोटारीच्या कारखान्यासाठी तयार झाले. त्यानंतर अशा यंत्रांच्या पिढ्यांमागून पिढ्या आल्या. ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ हा प्रसिद्ध नियंत्रक १९८६ च्या सुमारास आला आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. कारखान्याची टाकी, नळ, भट्टी ही चाळीस-पन्नास वर्षे टिकतात. कार्ड मात्र त्यापूर्वीच म्हातारे होते आणि त्याचे भाऊबंदही बाजारातून नाहीसे होतात. मग मालक जुन्या बाजारातून वापरलेले कार्ड विकत आणतो. ते किती वर्षे कोठे चालले होते, हे कोणी सांगू शकत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. तारापूर अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्या वेळी आपला भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. हे संच अमेरिकी बनावटीचे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशातून मिळणारे साहाय्य अडू लागले, आणि ज्यांनी यंत्र बांधले त्यांच्याकडूनच सुटे भाग येतील ही आशा उरली नाही. तेव्हा आपल्या अभियंत्यांना स्वतःच्या बुद्धीवर विसंबावे लागले. हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था १९६७ मध्ये स्थापन झाली होती, ती अशा उपकरणांच्या कामी आली. पुढे २००५-०६ च्या दीर्घ विरामात या संचांची मोठी सुधारणा झाली. नवे डिझेल जनित्र आणि एक पूरक नियंत्रणकक्ष बसविण्यात आला. याचा बोध असा की, म्हातारे यंत्र टाकून द्यावे लागतेच असे नाही, परंतु त्याची जोपासना जाणीवपूर्वक करावी लागते.

बोध न घेतल्यास काय होते, तेही सांगणे प्राप्त आहे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. १५ कामगार मृत्युमुखी पडले आणि सुमारे १८० जखमी झाले. चौकशीत असे दिसून आले की, एका उंच मनोऱ्यात द्रव भरमसाट चढत होता आणि पातळीचे उपकरण मात्र ती उतरत असल्याचे दाखवीत होते, कारण त्याचे माप वर्षानुवर्षे जुन्याच आधारावर बसविलेले होते. कामगार आकड्यावर विश्वास ठेवीत होते. आकडा खोटा निघाला की विश्वास हाच अपघात होतो. आपल्या तारापूर औद्योगिक क्षेत्रातही ११ जानेवारी २०२० रोजी झालेल्या स्फोटात माणसे दगावली. त्याचे कारण कार्डच होते असे मी म्हणत नाही. परंतु रसायनाशेजारी काम करणाऱ्या माणसाला खरे माप मिळण्याचा हक्क आहे, इतके तरी त्या दिवशी आपणां सर्वांना उमगले असावे.

आता बदल कसा करावा? मार्ग तीन आहेत. पहिला, त्याच जातीचे दुरुस्त केलेले कार्ड बसविणे. हा स्वस्त पण तात्पुरता. दुसरा, जुन्या तारा न हलविता जोडपट्टीच्या साहाय्याने नव्या जातीचे कार्ड बसविणे; हा मध्यम मार्ग. तिसरा, संपूर्ण नियंत्रणव्यवस्था बदलणे; हा उत्तम पण खर्चाचा, आणि त्यासाठी कारखाना दीर्घकाळ बंद ठेवावा लागतो. बहुधा दुसराच मार्ग आपल्या छोट्या कारखानदारांना परवडतो. परंतु त्यात काही खाचा आहेत, आणि त्या जाणत्या तंत्रज्ञालाच दिसतात.

पहिली खाच मापाची. कार्ड ४ ते २० ऐवजी चुकून ० ते २० वर लावले, तर रिकामी टाकी २० टक्के भरलेली दिसेल. पंप थांबणार नाही आणि कोरडाच फिरत जळेल. शिवाय तार तुटली, तरी यंत्र टाकी रिकामी आहे असे समजून स्वस्थ राहील. दुसरी खाच आकड्याची. जुने कार्ड ० ते ४०९५ मध्ये मोजीत असेल आणि नवे सुमारे बत्तीस हजारांपर्यंत. प्रोग्रॅममध्ये हा हिशेब बदलला नाही, तर सर्वच मापे चुकतात. तिसरी खाच विजेच्या पुरवठ्याची. काही उपकरणांना २४ व्होल्ट कार्डाकडूनच मिळतात, काहींना बाहेरून. दोन्हीकडून पुरवठा जोडला तर उपकरण बिघडते. चौथी, जुन्या कार्डाचे प्रत्येक खाते विजेच्या दृष्टीने वेगळे असेल आणि नव्याचे एकत्र असेल, तर जमिनीच्या तारांमधून चोरटा प्रवाह वाहतो आणि माप डळमळते.

म्हणून जाणता तंत्रज्ञ घाई करीत नाही. प्रथम प्रत्येक तारेची यादी करतो: तिचे नाव, उपकरण, माप, घंटेची मर्यादा, यंत्र बंद पडण्याची मर्यादा. नकाशा आणि प्रत्यक्ष यांत भेद असेल तो तेथेच लिहून ठेवतो. कारखाना बंद करण्यापूर्वीची मापे टिपतो. मगच परवानगीपत्र घेऊन, वीज तोडून, प्रत्येक तारेला खूणपट्टी लावून जुने कार्ड काढतो. नवे बसविल्यावर ४, ८, १२, १६ आणि २० हे पाच प्रवाह हाताने देऊन चढता आणि उतरता दोन्ही वेळा आकडा तपासतो. मुद्दाम तार सोडून बिघाडाची सूचना येते की नाही, तेही पाहतो. शेवटी घंटा आणि झडप प्रत्यक्ष चालून दाखवीपर्यंत काम संपले असे मानीत नाही. जुने कार्ड तो तत्काळ भंगारात टाकीत नाही, आणि नवा नकाशा लिहिल्याशिवाय सही करीत नाही.

बंधुभगिनींनो, या सर्व कामात एक गोष्ट कोणत्याही कंपनीकडून विकत मिळत नाही. तीस वर्षांपूर्वी ही तार अशी का वळविली, या घंटेची मर्यादा कमी का ठेवली, हे ज्यांना ठाऊक आहे ते आपले वडीलधारे तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत. त्यांच्याबरोबर ते ज्ञान जाते. वाडीतील विहिरीचा झरा कोठे आहे हे म्हाताऱ्याने सांगून ठेवले नाही, तर नातू कोरड्या जागी खणतो. तद्वतच हे आहे.

आणखी एक बोचणारी गोष्ट सांगतो. वधूवरांच्या यादीत संगणक अभियंता लिहिले की चौकशा येतात. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक लिहिले की पान उलटले जाते. वस्तुतः याच तरुणाच्या हाताने कारखान्याचे डोळे शाबूत राहतात. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांत शिकता येणारा हा व्यवसाय आहे. मुलींनीही तो अवश्य करावा. या कामाला दंडाच्या बळापेक्षा नेटकेपणा आणि संयम अधिक लागतो, आणि हे दोन्ही गुण आपल्या घरांतून त्यांना मिळालेले आहेत.

यास्तव मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, शिष्यवृत्ती देताना पदवीच्या बरोबरीने या प्रशिक्षणाचाही विचार व्हावा. दोन, ज्ञातीतील निवृत्त तंत्रज्ञांनी आपल्या वह्या आणि अनुभव नव्या मुलांना द्यावेत. त्यासाठी मंडळाच्या सभागृहात महिन्यातून एक रविवार ठेवावा. तीन, जे ज्ञातिबांधव स्वतः कारखाने चालवितात, त्यांनी यंत्र चालते आहे तोवर चालू द्यावे ही वृत्ती सोडून, आपली कार्डे किती वर्षांची आहेत आणि मापे शेवटी केव्हा तपासली, एवढे दोन प्रश्न या वर्षी विचारून पाहावेत. उत्तर मिळाले नाही, तर तेच उत्तर समजावे.

खोट्या मापाने विकणाऱ्याला आपल्या वाडवडिलांनी कधी प्रतिष्ठा दिली नाही. तोच न्याय आपण यंत्रांनाही लावावा, एवढेच माझे मागणे आहे.