यंत्राची रुजुवात



अध्यक्षपदाचा हा मान देताना आपण माझ्या विद्वत्तेपेक्षा माझ्या वयाचा विचार अधिक केला असावा. आणि ज्याने चाळीस वर्षे दुसऱ्यांनी बनवलेल्या यंत्रांवर अविश्वास दाखवण्याचाच पगार घेतला, त्याने आपल्या या निवडीकडेही थोड्या संशयाने पाहिले, तर तो धंद्याचा दोष समजून आपण क्षमा कराल. शिरस्त्याप्रमाणे अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचे सिंहावलोकन करावयाचे असते. ते मी करणार नाही. या सभागृहाच्या भिंतीवर, घड्याळाशेजारी, जो लहानसा पांढरा डबा टांगला आहे आणि ज्यावर या क्षणी १०१३ हा आकडा झळकत आहे, त्या एका डब्याविषयीच मी बोलणार आहे.

येथील हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे १०१३ भाग आहेत, असे त्या डब्याचे म्हणणे. म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली, बॅराइटाच्या द्रावणात हवा घोळवून, माणसांच्या वावराच्या खोलीसाठी हजारी एक ही मर्यादा सांगितली, आणि खेळत्या हवेचा विचार करणारे बहुतेक लोक आजही तोच आकडा धरून चालतात. तेव्हा डबा खरा असेल, तर खिडक्या उघडावयास हव्यात. परंतु या जातीच्या चांगल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात अधिक-उणे ३० आणि शिवाय वाचनाच्या ३ टक्के इतकी चूक मान्य केलेली असते. म्हणजे खरा आकडा ९५३ असेल किंवा १०७३ असेल, आणि शेवटचे दोन अंक केवळ शोभेचे आहेत. तेही यंत्र नवे असताना.

आत काय आहे ते आपणांस ठाऊकच आहे: एक चिमुकला दिवा, एक नळी, टोकाशी एक गाळणी आणि तिच्यामागे शोधक. उष्णतेच्या अदृश्य किरणांना हा वायू अडवतो, हे जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये १८५९ साली दाखवून दिले. गाळणी त्यांतील ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचाच प्रकाश पुढे जाऊ देते, कारण तेथे या वायूचे शोषण प्रबळ असते. पण यातील मर्म असे, की हे यंत्र वायू मोजतच नाही. ते प्रकाशाची तूट मोजते, आणि तुटीला वायूचे नाव आपण देतो. तिजोरीत रक्कम कमी भरली म्हणून खजिनदारानेच ती नेली असे जसे सिद्ध होत नाही, तसेच प्रकाश कमी पोचला म्हणून वायूच वाढला असे ठरत नाही. दिवा म्हातारा झाला असेल, आरशावर धूळ बसली असेल. या कारणासाठी काही यंत्रांत ३.९ मायक्रॉनच्या सुमारास, जेथे हा वायू प्रकाशाला हात लावत नाही, दुसरी साक्ष नोंदवण्याची सोय केलेली असते. स्वस्त यंत्रांत ती बहुधा नसते.

दाबाचीही तीच कथा. नळीत किती रेणू आहेत एवढेच प्रकाशाला कळते, हवेत त्यांचे प्रमाण किती हे कळत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर ठाकठीक केलेला सेन्सर, दाबाची दुरुस्ती न करता, सुमारे १३०० मीटर उंचीच्या सिंहगडावर नेला, तर तेथे हवेचा दाब जवळजवळ सातव्या हिश्शाने कमी असल्यामुळे, ४२५ च्या जागी तो ३६५ च्या आसपास दाखवील. आणि गडावरची हवा फारच शुद्ध, असे समजून आपण पिठले-भाकरीवर ताव मारू. पुण्यासारख्या मध्यम उंचीच्या शहरातही ही तफावत पाच-सहा टक्क्यांची असते, आणि तिची दखल घेतलेली मी क्वचितच पाहिली.

आता ज्या दोषाचा मला खरा राग आहे त्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी धिंगरी अळंबीची लागवड करणाऱ्या एका गृहस्थांनी मला बोलावले. शेडमधला मीटर रात्रंदिवस ९०० च्या आसपास आकडा दाखवीत होता, आणि अळंबी मात्र लांबच लांब दांड्यांची व बटणाएवढ्या छत्रीची येत होती, जी कोंदट हवेची खूण आहे. "साहेब, मीटर म्हणतंय हवा चांगली, धिंगरी म्हणतीय वाईट, मी कुणाचं ऐकू?" हा त्यांचा प्रश्न. मीटर उचलून आम्ही उघड्या माळावर नेला, तेव्हा त्याने १२० हा आकडा दाखवला, जो हिमयुगांतल्या हवेतही नव्हता. तेव्हासुद्धा प्रमाण १८० च्या घरात होते. गुन्हेगार होते ते यंत्राचे 'आपोआप कॅलिब्रेशन'. गेल्या काही दिवसांतले सर्वांत खालचे वाचन म्हणजेच बाहेरची ताजी हवा, सबब ते ४०० समजावे, अशी त्या यंत्राला ताकीद होती. कार्यालये रात्री रिकामी होतात, म्हणून तेथे ती बरीचशी चालते. शेडमध्ये मात्र ताजी हवा कधी आलीच नव्हती. तिथले किमान ७०० चे. यंत्राने ते ४०० ठरवले, आणि तेव्हापासून प्रत्येक वाचनातून ३०० इमानाने वजा केले. आपलीच आठवण हाच पुरावा मानणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी करायची कशी? रात्रंदिवस माणसांचा राबता असलेल्या ठिकाणीही हीच व्यवस्था सर्रास चालू ठेवलेली असते.

याच्या उलट उदाहरण चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांचे. १९५८ च्या मार्चमध्ये हवाईतील मौना लोआ पर्वतावर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, त्यांचे अवरक्त विश्लेषक यंत्र सुरू झाले आणि ३१३ च्या आसपास आकडा दाखवू लागले. तसले यंत्र पैसे मोजून कोणालाही मिळाले असते. कीलिंग यांनी केले ते असे, की यंत्राच्या शब्दावर विसंबून न राहता ठराविक अंतराने सिलिंडरमधील ज्ञात वायू त्यात सोडून मुकाबला केला. आणि त्या सिलिंडरचा तरी भरवसा काय, म्हणून तो वायू कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत गोठवून, वेगळा काढून, पाऱ्याच्या दाबमापीवर मोजला. पुढे असे आढळले, की प्रमाण-वायू नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता व बाहेरच्या हवेत ऑक्सिजनही असतो, आणि तेवढ्या फरकाने शोषणरेषांची रुंदी बदलून वाचनात काही भागांची चूक शिरते. तेव्हा तीही दुरुस्ती नोंदींत घातली गेली. याला आपल्या जुन्या कारकुनी भाषेत 'रुजुवात' असा सुरेख शब्द आहे: दप्तर दप्तराशी ताडून पाहणे. गोव्यातल्या काब-दे-राम येथून १९९३ पासून हवेचे नमुने कुप्यांत भरून ऑस्ट्रेलियाला पाठवले जात, त्यामागेही, तेथील आकडे एकाच प्रमाणाशी ताडलेले असावेत, हा मोठा लाभ होता.

आपल्या कारखान्यांत एवढा खटाटोप कोणी मागत नाही. सोडा-लाइममधून काढलेल्या हवेने शून्य पाहावे, दाखल्यासह आलेल्या दोन निरनिराळ्या प्रमाणांच्या वायूंनी वरचे बिंदू पाहावे, कारण शोषणाची रेषा सरळ नसून वाकत जाते. आणि यंत्राशी वाकून आकडा वाचू नये, कारण आपल्या उच्छ्वासातच हा वायू चाळीस हजार भागांच्या घरात असतो. सिलिंडर अगदी तळाला जाईपर्यंत वापरण्याची काटकसरही करू नये. दाब उतरला म्हणजे भिंतींना चिकटलेला वायू सुटू लागतो आणि दाखल्यावरचा आकडा खोटा पडतो. चार मीटर एकत्र ठेवून ते जुळले म्हणजे काम झाले, हा समज तर सोडूनच द्यावा. चौघे जुळले, इतकेच त्यातून कळते.

ज्या १९५८ साली कीलिंग यांची नोंदवही सुरू झाली, त्याच साली आपल्या बाजारांत किलोग्रॅमची वजने येऊ लागली. वाण्याचे प्रत्येक वजन मुदतीने तपासून त्यावर शिक्का मारण्याची कायद्याची तजवीज आहे. वर्गात कोंडलेल्या साठ मुलांची हवा ज्यावर ठरते, त्या डब्यावर शिक्का कोणाचा, हे मी अनेक ठिकाणी विचारले. बहुतेकांनी मला बनवणाऱ्याचे बोधचिन्ह दाखवले.

दुपारच्या सत्रासाठी मागच्या व्हरांड्यात दोन सिलिंडर, एक बंद पेटी आणि एक दाबमापी मांडून ठेवली आहे. ज्यांनी आपापले मीटर आणले असतील त्यांनी ते चिठ्ठी लावून पेटीपाशी द्यावेत. माझाही त्यांत आहे. गेली चार वर्षे मी तो तपासलेला नाही, तेव्हा पहिला क्रमांक त्याचाच लावावा, अशी कार्यवाहांना विनंती केली आहे.