पावसाळा, कोंबड्या आणि आपली मोकळी जागा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात कोंबड्यांवर बोलणार म्हटल्यावर आमच्या घरात सगळे हसले. हसू द्या. पण विषय आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे दोन ठराव आहेत. पहिला, सोसायटीत कोंबड्या पाळायला बंदी करावी. दुसरा, मागच्या मोकळ्या जागेतले भाजीचे वाफे मोडून तिथे पार्किंगसाठी काँक्रीट करावं. माझ्या परसात पाच कोंबड्या आहेत आणि मागे एक वाफा आहे, तेव्हा माझं हितसंबंधाचं नातं आधीच सांगून टाकते.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे आपण मत देणार ते पावसाळा भोगून झाल्यावर, नाकात वास आणि चपलेला चिखल असताना. कोकणात हे चार महिने सोपे नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात या काळात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंतींना बुरशी येते, पापड सादळतात, कपडे वाळत नाहीत. मग खुराड्याला वास आला तर नवल काय? पण तो का येतो, हे कळलं तर बंदीची गरज उरते का, ते ठरवता येईल.

वास कोंबडीचा नसतो, ओलीचा असतो. विष्ठा कोरडी राहिली तर ती भुसभुशीत होते. ओली झाली की तिच्यात जिवाणू वाढतात, अमोनिया सुटतो आणि नाकाला झोंबतो. आपल्याला झोंबतो तसा कोंबडीच्या डोळ्यांनाही झोंबतो. म्हणून पावसाळ्यातलं सगळं कोंबडीपालन म्हणजे ओल बाहेर ठेवण्याचा उद्योग.

खुराडं जांभ्याच्या चिऱ्यांवर दोन फूट उचललेलं हवं. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात. झडीचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावायचा. पण वरची हवेची फट कधीच बुजवायची नाही. पुष्कळ जण पाऊस आत येतो म्हणून खुराडं चारी बाजूंनी प्लॅस्टिकने गुंडाळतात. मग आत वाफ कोंडते आणि वास दुप्पट होतो. खाली तीन-चार इंच भाताचं तूस अंथरायचं आणि रोज खालवर करायचं. मूठभर तूस दाबून बघा. गोळा झाला तर ओल जास्त आहे. ते काढून कोरडं घाला, वर थोडी चुन्याची पूड भुरभुरा. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलं की सांडलवंड कमी होते. एवढं करायला रोज दहा मिनिटं पुरतात.

दुसरी भीती आजाराची. तीही उगाच नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला, तेव्हाची घबराट आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. म्हणूनच नियम हवेत. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पावसाआधी टोचून घ्यायची. ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते, त्यावरही उपाय कोरडेपणाच. खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणायचं आणि फळीवर ठेवलेल्या झाकणाच्या पिंपात भरायचं, कारण बुरशी आलेल्या मक्यात आणि पेंडीत विष तयार होतं. कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर गटारात किंवा कचऱ्यात टाकायच्या नाहीत, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. अंडं नीट उकडून किंवा भाजून खायचं.

तिसरी तक्रार पहाटेच्या आरवण्याची. ती मला शंभर टक्के मान्य आहे. त्यावरचा उपाय सोपा आहे, कोंबडा ठेवायचाच नाही. "अहो, मग अंडी कशी देतात?" हा प्रश्न मला या सोसायटीत भल्याभल्यांनी विचारलाय! कोंबडीला अंडं घालायला कोंबड्याची गरज नसते. पिल्लं हवी असतील तरच असते.

मुलांसाठी एक गंमत सांगते. कोंबडी उजेड मोजते. भरपूर अंडी द्यायला तिला दिवसाचा 14 ते 16 तास उजेड लागतो. आपल्याकडे 21 जूनचा सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या थोडाच वर असतो. पुढे दिवस लहान होत जातो, त्यात आभाळ भरलेलं. मग अंडी कमी होतात, पिसं गळायला लागतात. नेमका तेव्हाच श्रावण लागतो आणि अर्ध्या सोसायटीची अंडी बंद होतात. निसर्गाचा आणि पंचांगाचा हिशोब असा जुळतो!

आता वाफ्यांकडे येऊ. मृग लागला की सगळ्यांना पेरायची घाई होते. पण तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात सपाट जमिनीवर काही टिकत नाही. तीन फूट रुंद, सहा-आठ इंच उंच गादीवाफा आणि दोन्ही बाजूंनी उताराचा चर, एवढं केलं की निम्मं काम झालं. कोथिंबीर आणि मेथी आता कुजतात, त्या दसऱ्यानंतर. हे दिवस भेंडीचे, अळवाचे, आणि मांडवावर चढणाऱ्या दोडक्या-पडवळाचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तारा' कारली आणि 'कोकण हरिता' दोडका याच हवेसाठी काढलेली वाणं आहेत. जोराच्या पावसात खत धुपून जातं, म्हणून ते थोडं थोडं, दोन-तीन हप्त्यांत द्यायचं.

कोंबड्या आणि वाफे यांचं नातंही इथेच आहे. खुराड्यातलं तूस दोन-तीन महिने ढीग करून कुजवलं की उत्तम खत होतं. ताजं घातलं तर मुळं जळतात. फळमाशीने डंख मारलेले दोडके खाली पडतात. ते तिथेच राहिले तर आतल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माशा होतात. कोंबड्यांपुढे टाका, अळीसकट फस्त! घरातली भाजीची देठं आणि साली कचऱ्याच्या गाडीत जात नाहीत, ते वेगळंच.

आता काँक्रीटचा हिशोब, माझ्यातल्या जुन्या गणिताच्या शिक्षिकेला राहवत नाही म्हणून. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. तीन हजार मिलिमीटर पावसाचं एका गुंठ्यावर तीन लाख लिटर पाणी होतं. मागची जागा चार गुंठ्यांची, म्हणजे बारा लाख लिटर. वाफ्यांच्या जमिनीतही सगळं मुरत नाही, हे खरं. पण काँक्रीट केलं तर जवळजवळ सगळं उतारावरून खालच्या रांगेतल्या घरांकडे धावेल. आणि मे महिन्यात विहिरीने तळ गाठला की टँकरचे पैसे आपण सगळेच भरू, गाडी असलेले आणि नसलेलेही.

पार्किंगची अडचण खरी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथे स्कूटर होत्या, आता घरटी गाडी आहे. म्हणून नुसता विरोध न करता मी पर्यायी ठराव मांडणार आहे. रस्त्याकडेची पट्टी पार्किंगला द्यावी, पण तिथे काँक्रीट न करता फटी ठेवून चिरे बसवावेत, म्हणजे पाणी मुरेल. बाकीचे वाफे राहावेत. कोंबड्या घरटी सहापेक्षा जास्त नकोत, कोंबडा नको, मोकाट सोडणं नको, आणि खुराडं शेजाऱ्याच्या खिडकीखाली नको. पावसाळ्यात कमिटीच्या दोघांनी दर पंधरवड्याला येऊन खुराडं बघावं. वास आला तर आठ दिवसांची मुदत द्यावी. त्यानंतरही आला तर कोंबड्या हलवाव्यात. हा नियम माझ्या घरालाही लागू.

ज्यांना वास सोसावा लागतो, त्यांनी सोसत राहावं असं मी म्हणणार नाही. माझी विनंती एवढीच, की सभेआधी एखाद्या रविवारी भर पावसात माझ्या परसात या. खुराड्याशेजारी खुर्ची टाकते, चहा देते. तिथे बसून वास येतो का बघा आणि मग खुशाल मत द्या.