अर्धी वीज, अर्धे पेट्रोल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात म्हैसूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मोटारीवर बोला, असे कार्यवाहांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. हयात केंद्र सरकारच्या फायली हाताळण्यात गेलेली. यंत्रविद्येशी आमचा संबंध तो कितीसा? परंतु गावापासून दूर राहणाऱ्या माणसाला गावाकडच्या वाटेचा हिशेब चुकत नाही. तो हिशेब मात्र आम्ही प्रामाणिकपणे मांडू शकतो.

२०२३ मध्ये आम्ही हायरायडर ही हायब्रिड मोटार घेतली. ती येथून बंगळूरच्या वाटेवरील बिडदी येथे तयार होते. तेथील कारखान्याच्या नावात टोयोटाच्या जोडीला किर्लोस्कर हे नाव आहे. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली. १९९७ मध्ये त्याच घराण्याने जपानी कंपनीशी भागीदारी केली. मराठी माणसाने कन्नड भूमीत रुजावे कसे, याचा हा एक धडाच होय.

या मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असतात. सयाजीराव रस्त्यावर दसऱ्याची गर्दी असली की इंजिन मुकाट बंद होते आणि गाडी विजेवर सरकते. चामुंडी टेकडी उतरताना ब्रेक लावला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते. म्हणजे चढणीला केलेल्या खर्चातले थोडे उतरणीला परत मिळते. संसारात असे क्वचितच घडते!

परंतु कागदावरील आकडा आणि रस्त्यावरील आकडा यांत अंतर असते. कंपनी लिटरला २७.९७ किलोमीटर सांगते. आम्हांला शहरात एकवीस-बावीस मिळतात, तर मोकळ्या महामार्गावर वेग वाढला की अठरा-एकोणीस. वेगात इंजिनच बहुतेक काम करते. शिवाय बॅटरीने डिकीची जागा अडवली आहे. कोल्हापूरहून निघताना गुळाची एक ढेप आणि लोणच्याची बरणी मागेच राहते, ही आमच्या सौभाग्यवतींची कायमची तक्रार.

आता पैशाचे पाहू. समजा, साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडला अडीच लाख रुपये अधिक पडले. साधी गाडी लिटरला चौदा आणि ही वीस किलोमीटर चालते, पेट्रोल शंभर रुपये आहे आणि वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरणे होते, असे धरू. वर्षाला सुमारे २५७ लिटर, म्हणजे पंचवीस हजार सातशे रुपये वाचतात. अडीच लाख वसूल व्हायला पावणेदहा वर्षे! चोवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्यास मात्र पाच वर्षे पुरतात. बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची आहे. करही पाहा: अशा गाडीवर पूर्वी उपकरासह ४३ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. निव्वळ विजेच्या गाडीवर तो ५ टक्केच आहे.

मग घरच्या विजेवर भारित होणारी, बॅटरी संपल्यावर पेट्रोलवर धावणारी प्लग-इन हायब्रिड का घेऊ नये, असे तरुण मंडळी विचारतात. तिची बॅटरी बरीच मोठी असते. रोजचे जाणे-येणे विजेवर व्हावे आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल असावे, ही कल्पना उत्तम. म्हैसुरास तर ती शोभावी. येथून जवळच्या शिवनसमुद्रातून १९०२ मध्येच कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली होती. परंतु युरोपीय आयोगाच्या मार्च २०२४ च्या अहवालात असे आढळले की, या गाड्यांचे रस्त्यावरील उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीनपट आहे. लोक गाडी नेमाने भारित करीत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण. प्लग गाडीला असून भागत नाही. तो रोज लावण्याची सवय मालकाला हवी.

आणि त्यासाठी हक्काची भिंत हवी. आम्ही बदलीची माणसे. सरकारी निवासस्थानाच्या आवारात स्वतःचा विजेचा खटका कोठून आणणार? निवृत्तीस चार वर्षे उरली आहेत. त्यानंतर भिंत म्हैसुरात उभारावी की कोल्हापुरात, या प्रश्नाला अद्याप आम्ही उत्तर दिलेले नाही.

गतवर्षी एका रात्री आईच्या आजारपणाचा फोन आला. पहाटेपूर्वीच आम्ही निघालो. सहाशे किलोमीटरहून अधिक वाट; वाटेत एकदाच पेट्रोल भरले. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. "एवढ्या लांबून गाडी हाकत आलास? जेवलास का?" एवढेच तिने विचारले. त्या दिवशी लिटरला किती पडले, हे आम्ही पाहिलेच नाही. हिशेबाच्या वहीतील ते एकच पान कोरे आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, गाडी घेताना वर्षाचे किलोमीटर मोजा, घरी प्लगला जागा आहे का ते पाहा आणि कंपनीच्या आकड्यातून चौथाई वजा करा. पण गावाकडे कोणी वाट पाहत असेल, तर ती खेप हिशेबात धरू नका.